बिटकीची पिवळीधमक फटफटी

बेडकांच्या घरात एक नियम होता.
खिडकीच्या गजांचा रंग गजांनाच लावायचा. फटफटीला लावायचा नाही.
का, असं विचारायचं नाही.

त्या घरात एक बेडकी होती. एवढीशी. तिचं नाव बिटकी.
बिटकीची एक फटफटी होती. जुनी. मावशीने दिलेली.
ती धावायची फट फट फट फट.

एक दिवस काय झालं?
फटफटीच्या रंगाची खपली पडली. टप्.
अजून एक पडली. टप्.
आणि खाली काय दिसलं? गंज. तांबडा तांबडा गंज.

थोरले काका म्हणाले, "डराँव. गंजली. द्या भंगारात."
धाकटे काका म्हणाले, "डराँव. द्या भंगारात."
आत्या म्हणाली, "डराँव. आज भंगारवाला येणारच आहे."

बिटकी म्हणाली, भंगारात कशाला? मी रंग देते. गॅरेजवाला खूप पैसे मागतो, म्हणून घरीच देते. हार्डवेअरच्या दुकानात छोटा डबा मिळतो, तो आणते.

"तो गजांचा रंग," थोरले काका म्हणाले.
"मग काय झालं?"
"नियम आहे."
"पण का?"
"डराँव. का विचारायचं नाही, बिटके."

आणि तिघे हौदापाशी गेले. पालथ्या बादलीवर बसले. गप्पा मारू लागले. डराँव डराँव. डराँव डराँव.

बिटकीने ऐकलं का? नाही ऐकलं.
टुण टुण टुण, बिटकी गेली दुकानात.
छोटा डबा आणला. ब्रश आणला. झाकण उघडलं. खट्.
आत रंग. पिवळाधमक.

"रंगराव, रंगराव, फटफटीवर बसा ना."
रंग म्हणाला, "मी नाही बसणार. खाली गंज आहे. गंज जाईल, तर मी बसेन."

लांब, खूप लांब कोणीतरी ओरडलं. "भंगाऽऽर."

टुण टुण टुण, बिटकी गेली गंजाकडे.
"गंजोबा, गंजोबा, जा ना.
रंग बसेना.
पण फटफटी मी देणार नाही."
गंज म्हणाला, "मी नाही जाणार. मला इथे बरं वाटतं. पेपर घासेल, तर मी जाईन."

टुण टुण टुण, बिटकी गेली पॉलिश पेपरकडे. काळा काळा पेपर. खरखरीत पेपर.
"पेपरभाऊ, पेपरभाऊ, घासा ना.
गंज जाईना,
रंग बसेना.
पण फटफटी मी देणार नाही."
पेपर म्हणाला, "मी नाही घासणार. मी कोरडा आहे. पाणी येईल, तर मी घासेन."

"भंगाऽऽर." आवाज जरा जवळ आला.

टुण टुण टुण, बिटकी गेली हौदाकडे. हौदात पाणी. गार गार पाणी.
"पाणीबाई, पाणीबाई, या ना.
पेपर घासेना,
गंज जाईना,
रंग बसेना.
पण फटफटी मी देणार नाही."
पाणी म्हणालं, "मी नाही येणार. मला पाय नाहीत. बादली आणेल, तर मी येईन."

टुण टुण टुण, बिटकी गेली बादलीकडे. बादली पालथी. बादलीवर तिघे जण.
"बादलीताई, बादलीताई, ऊठ ना.
पाणी येईना,
पेपर घासेना,
गंज जाईना,
रंग बसेना.
पण फटफटी मी देणार नाही."
बादली हळूच म्हणाली, "मी कशी उठू? माझ्यावर काका आहेत, आत्या आहे. ते उठतील, तर मी उठेन."

"भंगाऽऽर, लोखंऽऽड." आवाज गल्लीत आला.

बिटकीने मान वर केली.
"काका, काका, आत्या, आत्या, उठा ना.
बादली उठेना,
पाणी येईना,
पेपर घासेना,
गंज जाईना,
रंग बसेना.
पण फटफटी मी देणार नाही."

थोरल्या काकांनी धाकट्या काकांकडे पाहिलं. धाकट्या काकांनी आत्याकडे पाहिलं. तिघे हसले. डराँव डराँव डराँव.
थोरले काका म्हणाले, "आम्ही उठू की. पण आधी तू म्हण, रंग नको. मग आम्ही उठू."

बिटकीने तोंड उघडलं.
"रं..."
आणि ती थांबली.
रंग नको, तर पेपर कशाला? पेपर नको, तर पाणी कशाला? पाणी नको, तर बादली तरी कशाला?

बिटकीला राग आला. असा राग आला, असा राग आला, की तिने तोंड मिटलं आणि तिचे गाल फुगले.
टम्म.
टम्म फुगलेले गाल हौदात दिसले. बिटकीने पाहिले. इकडून पाहिले. तिकडून पाहिले.
केवढे मोठे गाल. बादलीएवढे.

बिटकी हौदात वाकली. म्हणाली, "पाणीबाई, बादली नाही. पण गाल आहेत. चालतील?"
पाणी म्हणालं, "मला काय, बादली काय आणि गाल काय. कोणी नेलं म्हणजे झालं."

गुळूक गुळूक गुळूक. पाणी शिरलं गालांत.
टुण टुण टुण, बिटकी निघाली.
आत्याने विचारलं, कुठे निघालीस गं? बिटकी बोलली नाही. बोलणार कशी? तोंडात पाणी होतं.
आत्या म्हणाली, "बघा. कशी शहाण्यासारखी गप्प झाली."
थोरले काका म्हणाले, "नियम म्हणजे नियम."
आणि पुन्हा डराँव डराँव. डराँव डराँव.

मग काय झालं?
पाणी पेपरवर पडलं. फुर्रर्र.
पेपर भिजला. पेपर घासायला लागला. खर्र खर्र. खर्र खर्र.
गंज म्हणाला, "अगं, गुदगुल्या होतात." आणि गंज गेला. तांबडं पाणी होऊन गेला. सुळ्ळ.
बिटकी पुन्हा हौदाकडे गेली, पुन्हा गाल भरून आली. फुर्रर्र. खर्र खर्र. सुळ्ळ.
इथला गंज गेला. तिथला गंज गेला. चाकावरचा गेला. दांड्यावरचा गेला.
फडक्याने फटफटी पुसली. कोरडी केली. लख्ख.

"रंगराव, रंगराव, आता बसा ना."
रंग म्हणाला, "हो बसतो. पण सावकाश लाव हं. ओघळ नको."
ब्रश बुडवला. सप्प.
पुढून सप्प सप्प. मागून सप्प सप्प. वरून खाली, सप्प सप्प सप्प.
रंग बसला. पिवळाधमक.

"भंगाऽऽर." आवाज आला दारात. भंगारवालाच आला दारात.
थोरल्या काकांनी बादलीवरूनच हात केला. ती बघा, न्या ती फटफटी.
भंगारवाल्याने फटफटी धरली. चप्प.
हात झाला पिवळाधमक.
भंगारवाला म्हणाला, "अहो, हे भंगार कुठलं? ही तर नवी दिसते. आणि रंग ओला आहे."
त्याने हात पुसला पोत्याला, आणि तो गेला. "भंगाऽऽर, लोखंऽऽड." जवळून लांब. लांबून खूप लांब.

आता मात्र तिघे उठले. एकदम उठले. धप् धप् धप्.
फटफटीपाशी आले. थोरल्या काकांनी बोट लावलं. बोट झालं पिवळं.
"हा तर गजांचा रंग."
"हो," बिटकी म्हणाली.
"ती घे बादली. मोकळी आहे आता. पाणी आण. आणि धुऊन टाक हा रंग."
बिटकीने बादलीकडे पाहिलं. काकांकडे पाहिलं. फटफटीकडे पाहिलं.
"नाही धुणार."
"बिटके, नियम आहे."
"गज कशाचे, काका?"
"लोखंडाचे."
"फटफटी कशाची?"
"लोखंडाची."
"मग का नाही लावायचा?"

थोरल्या काकांनी तोंड उघडलं. मिटलं. धाकट्या काकांकडे पाहिलं.
धाकट्या काकांनी आत्याकडे पाहिलं.
आत्याने बादलीकडे पाहिलं.
"नाही धुणार," बिटकी म्हणाली.




एकही डराँव नाही.
ऊन पडलं होतं. फटफटी वाळत होती. पिवळीधमक.