निशिगंधाची शेवटची कळी

एका राज्यात, जिथल्या नद्या राजाला विचारून वाहत, रत्नकेतू नावाचा तरुण राजा होता आणि त्याच्यावर जीव टाकणारी त्याची थोरली बहीण होती, हेमांगिनी. कालदंष्ट्र नावाच्या मांत्रिकाने राजाकडे राज्य मागितले. राजाने नकार दिला. मांत्रिकाने राजाचा प्राण काढून नुकत्याच खुडलेल्या निशिगंधाच्या दांडीत ठेवला, आणि राजा सिंहासनावर बसल्या जागी दगड झाला.

"दांडीच्या टोकाची कळी उमलली, तर राजा उठेल," मांत्रिक म्हणाला. "न उमलता सुकली, तर राज्य माझे."

मग तो वेशीबाहेर खुशाल पाय पसरून बसला. दरबार काय करील, हे त्याला पुरते ठाऊक होते.

दरबाराने दांडीची पूजा मांडली. दांडी सोन्याच्या कलशात उभी केली. कलशातल्या पाण्याला तीर्थ ठरवून कुणी हात लावेना. भोवती पिकल्या आंब्या-केळ्यांचा नैवेद्य रचला. खालची फुले उमलली, मधल्या कळ्या पिवळ्या पडल्या, पाण्याला वास सुटला, आणि शहाणी मंडळी आणखी मोठ्याने आरत्या म्हणू लागली. हेमांगिनीने घोड्यावर मांड टाकली आणि थेट रान गाठले.

रानात धनेश पक्षी राहत असे. त्याला माणसांची भाषा येई, पण माणसे फारशी आवडत नसत.

"काय हवे?" त्याने विचारले.

"माझा भाऊ."

"मग तीन कामे कर. तीर्थ ओतून दे आणि रोज ताजे पाणी आण. नैवेद्य उचल; पिकत्या फळाच्या वाऱ्याने फूल लवकर म्हातारे होते. आणि रोज देठ तिरका काप."

"देठात त्याचा प्राण आहे."

"म्हणून तर. बुजलेल्या देठातून पाणी चढत नाही. पण ऐक, जेवढा देठ कापशील, तेवढा राजा उणा होईल."

पहिल्या कामासाठी ती एका सर्पाने राखलेल्या झऱ्यावर गेली. सर्पाने तिच्या पैंजणांचा आवाज मागितला. तिने तो काढून दिला, तसा झरा उठला आणि तिच्यामागोमाग चालत राजवाड्याच्या अंगणात आला.

दुसऱ्या कामाला तिने नैवेद्यावर हात घातला, तर आंब्यांना तोंडे फुटली आणि ते शिव्याशाप देऊ लागले. तिने ते सगळे टोपल्यांत भरून हत्तींपुढे ओतले. हत्तींनी शिव्यांसकट खाल्ले.

तिसऱ्या कामाला तिने धारदार सुरी मागितली. प्रधान आडवे आले.

"राजकन्ये, हे राजावर शस्त्र चालवणे आहे."

"होय, प्रधानजी. बाजूला व्हा."

पाण्यात बुडलेली पाने तिने आधी खुडून टाकली, मग देठ पाण्याखाली धरून तिरका कापला. सिंहासनावरचा दगड कण्हला. ते ऐकून तिला सुरी भिरकावून द्यावीशी वाटली. पण मधली एक कळी हिरवी होऊन फुगली होती.

मग रोज पाणी बदलायचे, रोज देठ कापायचा, रोज दगडाचे कण्हणे ऐकायचे. कळ्या एकेक करून वर वर उमलत गेल्या आणि दांडी आखूड होत गेली. कलश गेला, तांब्या आला. तांब्या गेला, पेला आला. शेवटी चांदीच्या वाटीत बोटभर देठ उरला, आणि टोकाची कळी अजून घट्ट मिटलेली. मांत्रिक वेशीवरून उठून दरबारात आला आणि सिंहासनाकडे बघत मिशा पिळू लागला.

हेमांगिनीने पुन्हा सुरी उचलली.

"आता कापलेस तर काहीच उरणार नाही," मांत्रिक म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता.

तो घाबरला आहे, हे तिने ओळखले आणि कळीच्या अगदी गळ्याशी पाते टेकवून कापले. कळी पाण्यावर तरंगली. एक पाकळी हलली, मग दुसरी, आणि भर दुपारी साऱ्या दरबारात निशिगंधाचा वास कोंदला. मांत्रिक उभ्या उभ्या वाळला, त्याचा पाचोळा झाला, आणि झाडणाऱ्यांनी तो बाहेर नेला.

दगडाला श्वास आला. रत्नकेतू सिंहासनावरून उतरला, तेव्हा त्याची दाढी तीच होती, खांदे तेच होते, पण तो जेमतेम बहिणीच्या कमरेला लागत होता. मुकुट घसरून नाकावर आला. तो वर सारून त्याने मान उंच केली.

"ताई, तू एवढी उंच कधी झालीस?"

हेमांगिनी तिथेच खाली बसली आणि त्याला पोटाशी धरून हसता हसता रडू लागली. दुसऱ्या दिवशी सुतारांनी सिंहासनाचे पाय कापले आणि त्यावर बसून राजाने पुढे पुष्कळ वर्षे उत्तम राज्य केले.