पहिला गोळा

एका गावात एक वखारवाला होता. वखारीत जेवढा कोळसा, तेवढाच त्याच्या बोलण्यात तोरा. कोळशाची पोती उतरली की जमिनीवर काळ्या चुऱ्याचा थर साचायचा. तो झाडून ओढ्यात लोटायचा, चुऱ्याचा एवढाच उपयोग त्याला ठाऊक.

एक दिवस गावातली एक बाई टोपली घेऊन आली. नवरा वारलेला, पदरात लेकरं. ती म्हणाली, "दादा, हा चुरा मी नेऊ का?"

"ने की! तेवढंच माझं झाडणं वाचेल," वखारवाला हसला.

बाईनं चुरा चाळला. सुताराच्या अंगणातला लाकडाचा भुसा त्यात मिसळला, भाताची घट्ट पेज ओतली आणि कणकेसारखं मळून मुठीएवढे गोळे वळले. विस्तव आतपर्यंत पोचावा म्हणून प्रत्येक गोळ्याला काडीनं आरपार भोक पाडलं आणि ते कडक उन्हात वाळवले. गोळे पेटायला जरा रुसायचे, पण एकदा पेटले की भाकऱ्या होऊन वर डाळ शिजेपर्यंत विझायचे नाहीत. हळूहळू सारं गाव तिच्याकडून गोळे नेऊ लागलं. तिची लेकरं पोटभर जेवू लागली.

बाईचा एक नेम होता. दर खेपेचा पहिला गोळा ती वखारवाल्याच्या ओट्यावर ठेवायची, हात जोडायची आणि निघून जायची.

"माझ्याच केराचे लाडू मलाच!" असं म्हणत वखारवाला तो उचलायचा. अंगणात टाकला तर अंगण काळं होणार, म्हणून चुलीवरच्या माळ्यावर भिरकावून द्यायचा.

शेजारीण बाईला म्हणाली, "अगं, तो तुझी टिंगल करतो. कशाला देतेस?"

"करू दे गं. माझी चूल त्याच्या चुऱ्यावर पेटते. तो हसला म्हणून मी ते विसरू होय?"

श्रावणात वखारवाल्याची लेक बाळंतपणाला माहेरी आली. आता या वखारवाल्याला एक वाईट खोड होती. बाजाराच्या आदल्या दिवशी तो कोळशावर पाणी मारायचा, म्हणजे कोळसा वजनाला जास्त भरे. या वेळीही त्यानं सगळ्या पोत्यांवर पाणी मारलं, आणि नेमकी पावसाची झड लागली. बाजार भरला नाही, ऊन पडलं नाही, कोळसा ओलाच राहिला.

अशातच एका पहाटे लेकीला मुलगी झाली. घर आनंदलं, पण हवेत भयंकर गारठा. बाळाचे हातपाय गार पडू लागले. बाळ-बाळंतिणीला शेक हवा म्हणून शेगडी पेटवली, तर कोळसा नुसता तडतडला आणि खोलीत धूरच धूर झाला. बाळ कासावीस झालं. सरपणही भिजलेलं.

"अहो, काहीतरी करा!" बायको रडत म्हणाली.

वखारवाला डोक्यावर पोतं घेऊन बाईच्या दारात धावला. "ताई, गोळे दे गं! नात गारठलीय माझी." तिला ताई म्हणण्याची त्याची ही पहिलीच वेळ.

"माझ्याकडचा शेवटचा गोळा कालच गेला, दादा. पण तुमच्या घरी आहेत की! मी ठेवत आले ते."

वखारवाल्याची मान खाली गेली. "ते... मी चुलीवरच्या माळ्यावर टाकले."

"चुलीवरच्या? मग खडखडीत वाळले असतील. चला लवकर!"

बाईनं स्वतः शेगडी पेटवली. "खिडकी उघडी ठेवा हं. विस्तव कोंडलेल्या खोलीत ठेवू नये," तिनं बजावलं. थोड्याच वेळात गोळे लाल झाले. धुराचं नाव नाही. आजीनं आपले तळहात शेकून बाळाच्या पायांना लावले, पुन्हा शेकले, पुन्हा लावले. बाळाचे पाय उबदार झाले आणि ते आईचं दूध ओढू लागलं.

वखारवाल्याला रडू आवरेना. "ताई, तू आभार मानत होतीस आणि मी ते भिरकावत होतो. त्यांनीच माझी नात वाचवली."

"चुरा तुमचाच होता, दादा," बाई म्हणाली.

तेव्हापासून वखारवाल्यानं कोळशावर पाणी मारणं सोडलं. आता तो चुरा स्वतः चाळतो, स्वच्छ पोत्यात भरतो आणि बाईच्या दारात नेऊन हात जोडतो. बाईचा नेम मात्र तोच आहे. फक्त तो पहिला गोळा आता माळ्यावर जात नाही, त्याच्यावर नातीच्या अंघोळीचं पाणी तापतं.

तात्पर्य: ज्याच्यामुळे आपली चूल पेटते, त्याची आठवण ठेवावी, आणि कुणी मनापासून आभार मानले, तर ते दोन्ही हातांनी घ्यावेत.