आजोबांचं दही

आजोबांनी कोरून ठेवलेल्या सोनवळ राज्याच्या ताम्रपटातील दोन वाक्यांनी राजा भानुधराला हैराण केले होते. एक : “नदी ओलांडावी ती जुन्या घाटावरूनच.” दुसरे : “दर पिढीला प्रजेस विचारावे, हे नियम तपासण्यास सभा बोलवावी काय?”

अडचण अशी, की नदीने ताम्रपट वाचलेला नव्हता! ती केव्हाच दूर सरकली होती आणि जुन्या घाटापुढे नुसती वाळू उरली होती. पैलतीरावरच्या गवळ्याची मुलगी येसू होडीतून उतरून, डोईवर चरवी घेऊन ती वाळू तुडवी. राजवाडा येईपर्यंत उन्हाने निम्मे दूध नासलेले असे. अखेर तिने दरबार गाठला.

“महाराज, पिढी उलटली. आता प्रजेला विचारा.”

“कदापि नाही! आजोबांच्या नियमाला हात लावला, तर तो आजोबांचा राहील का? उद्या अशी वस्तू दाखव, जी रोज नवी होते आणि तरी आजोबांचीच राहते. नाही जमलं, तर माझ्या हयातीत हा विषय बंद!”

दुसऱ्या दिवशी राजा पानावर बसला असता येसू हजर झाली. रिकाम्या हातांनी!

“वस्तू कुठाय?”

“आपल्या वाटीत, महाराज. हे दही कुणाचं?”

राजा खुलला. “आमच्या आजोबांचं! त्यांच्या वेळचं विरजण आमच्या मुदपाकखान्यात आजवर मोडलेलं नाही.”

“आणि दूध?”

“ते तर तुझंच, कालचं...” राजाचा घास हातातच राहिला.

“दूध रोज नवं, तरी दही आजोबांचंच! नवं दूध घातलंच नसतं, तर महाराज आज बुरशी खात असते.”

राजा सहजी हरणारा नव्हता. “पण सभेत सगळाच ताम्रपट नासला तर?”

“भीती खरी आहे. उकळत्या दुधात विरजण मरतं, गार दुधात लागत नाही. सभाही रागात भरवू नये, झोपेतही नको. पण दूध कोमट आहे का, ते बोट बुडवल्याशिवाय कसं कळणार? म्हणून म्हणते, विचारून तर पाहा!”

राजा खो खो हसला. “पिटवा दवंडी! पण प्रजा ‘नको’ म्हणाली तर?”

“तर तुडवीन वाळू. निदान विचारलं तर असेल!”

“शाबास! कौल लागेपर्यंत राजवाड्याचा हत्ती तुझा. त्याच्यावरून दूध आण!”

येसूने मुजरा केला. “आनंदानं, महाराज! तो एकदा वाळूत रुतला, की ‘नको’ म्हणणारेच त्याला ओढायला येतील. मग घाट कुठे हवा, ते मला सांगावंच लागणार नाही!”

हसता हसता राजाला ठसका लागला. येसूने आजोबांच्या दह्याची वाटी हळूच पुढे सरकवली.