सातवे पाऊल

पूर्वी एक वृद्ध शास्त्रीबुवा नदीकाठी पाठशाळा चालवीत असत. त्यांचा नीळकंठ नावाचा शिष्य पाठांतरात तरबेज होता आणि स्वभावाने पक्का हट्टी. एखादी गोष्ट शास्त्रात आहे असे कळले, की मग तो ब्रह्मदेवाचेही ऐकत नसे.

एके सकाळी तो गुरुजींकडे रजा मागायला आला. गावातला तुपाचा व्यापारी त्रिंबक हा त्याचा बालमित्र. त्रिंबकाच्या मळ्याला लागून तुळसाबाई नावाच्या विधवा माळणीचा भाजीचा तुकडा होता, आणि मधल्या बांधावर एक विहीर. ती तुळसाबाईच्या नवऱ्याने खणली, हे नीळकंठाला चांगले ठाऊक होते. लहानपणी तो आणि त्रिंबक काठावर बसून ते खणणे पाहत. आता मात्र त्रिंबक ती विहीर आपली म्हणत होता. आज देवळात पंचांसमोर तो बेलभंडारा उचलून तशी शपथ घेणार होता आणि साक्षीला त्याला नीळकंठ हवा होता. पाणी गेले की बाईचे वाफे वाळणार, हे उघड होते.

"म्हणजे खोटी साक्ष देणार?" गुरुजींनी विचारले.

नीळकंठाची मान खाली गेली, पण हट्ट सुटला नाही. "गुरुजी, सात पावलं बरोबर चालला तो सखा, असं आपणच शिकवलंत. आम्ही तर अख्खं बालपण बरोबर चाललो. आज मी मागं राहिलो, तर कसला मित्र?"

"बरं," गुरुजी उठले. "मग माझ्याबरोबरही सात पावलं चाल. चल घाटावर."

नदी दुथडी भरून वाहत होती. घाटाच्या सातव्या पायरीचा दगड केव्हाच निखळून गेला होता आणि तिथे थेट डोह होता, हे गावातल्या पोरासोरांनाही माहीत होते. गुरुजी नीळकंठाचा हात धरून संथपणे उतरू लागले. सहावी पायरी आली. गुरुजींनी पुढचे पाऊल उचलले.

"गुरुजी!" नीळकंठाने त्यांचे मनगट धरून असा काही हिसडा दिला, की म्हातारा धप्पकन मागे बसला. कोपर खरचटले.

"हे काय रे? सहा पावलं चाललास आणि सातव्याला मागं ओढलंस? मोडलं की आपलं सख्य!"

"मोडू दे!" नीळकंठ ओरडला. "पण मी आपल्याला बुडू देणार नाही!"

बोलून गेला आणि मग आपलेच शब्द त्याला ऐकू आले.

गुरुजी कोपर चोळत म्हणाले, "लग्नात सातवं पाऊल सख्याचं असतं, एवढं तू पाठ केलंस. पण ती पावलं अग्नीच्या साक्षीनं पडतात, हे विसरलास. ज्या पावलाला अग्नी साक्षी ठेवता येत नाही, ते बरोबरीनं टाकणं म्हणजे नुसती सोबत. सोबत काय, मेंढरंही एकमेकांना करतात. सखा तो, जो आपल्या पावलाकडं लक्ष ठेवतो आणि वेळ आली की हात धरतो. शास्त्र तू आत्ता पाळलंस. जा, देवळातही तेच पाळ."

नीळकंठ देवळात पोचला तेव्हा पंच जमले होते आणि त्रिंबकाचा हात बेलाच्या ताटाकडे निघाला होता. नीळकंठाने पुढे होऊन त्याचे मनगट घट्ट धरले.

"त्रिंबका, विहीर तुळसाकाकूंची आहे. तुला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. देवाच्या बेलाला हात लावू नकोस."

त्रिंबकाचा चेहरा लाल झाला. "सोड हात! आजपासून तू माझा कोणी नाहीस."

नीळकंठाला ते फार लागले. डोळे भरून आले, पण पकड ढिली झाली नाही. "नसेन. पण हात सोडणार नाही."

तुळसाबाई खांबाशी पदर तोंडाला लावून उभी होती. अखेर त्रिंबकाची मूठ सैल झाली. "विहीर तिची आहे," असे तो कसेबसे पुटपुटला आणि तडक बाहेर पडला. नीळकंठ मागून चालू लागला. पिंपळाच्या वळणावर त्रिंबक थांबला. वळून पाहिले नाही, नुसता मनगट चोळत उभा राहिला, नीळकंठ बरोबरीला येईपर्यंत.

आपले मित्र किती, हे मोजायला बसाल तेव्हा आधी आपले मनगट पाहा. कोणाच्या बोटांचे वळ त्यावर कधी उठले होते का?