बेहड्याच्या ढोलीवरचा घाव

धामणसड्याच्या वाघजाईच्या देवराईत पाहुणे शिरले की गुरव आधी त्यांना जुना बेहडा दाखवतात. उंचावर खोडात एक ढोली आहे आणि तिच्या कडेला कुऱ्हाडीचा घाव. त्याची हकिकत गावात अशी सांगतात.

फार मागे एकदा शिमग्याला पालखीत देवीची रूपं, म्हणजे मुखवटे, लावायच्या दिवशी देवीची नथ सापडेना. धाकू मानकऱ्याचा संशय गेला तो थेट भागीवर. भागी विधवा बाई. देऊळ झाडायची, त्यामुळे गुरवाखेरीज गाभाऱ्यापर्यंत रोजचं जाणं तिचंच. "मी नाय घेतली," एवढंच ती बोलली. तिचं हे कमी बोलणंही धाकूला खुपलं. तो तिच्या पाळतीवर राहिला. ती राईत पाला गोळा करायला गेली, तरी त्याला वाटे, ही लपवलेलं काहीतरी बघून येते.

एका सकाळी बेहड्याखाली त्याला उंबराची सालं नि रानजायफळाच्या बिया दिसल्या. देवीच्या राईतलं फळ तर गावात कुणी तोंडात घालत नसे; म्हणजे इथं कुणीतरी चोरून येतं, असं त्यानं धरलं. वर पाहिलं, तर ढोलीचं तोंड चिखलानं लिंपलेलं, मधे नुसती फट. नथ इथंच दडवली, अशी त्याची खात्री झाली. त्यानं गाव गोळा केला, भागीला पुढं उभं केलं आणि स्वतः शिडी लावून लेपावर कुऱ्हाड घातली.

आत धनेशाची मादी होती म्हणे; अंडी घालायच्या वेळी ती स्वतःला ढोलीत लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो. पिसं झडलेली, उडता न येणारी, अंगाखाली पिल्लू. तेवढ्यात नर आला. पिवळीजर्द मोठी चोच, काळेपांढरे पंख, चोचीत लालभडक उंबर. माणसं पाहून तो समोरच्या फांदीवरच थांबला आणि मान वाकडी करून धाकूकडे बघत राहिला. जवळ काही येईना.

धाकू खाली उतरला नि चिखल कालवायला वाकला.

"आधी माझं सांगा," भागी म्हणाली. "मग पाखराचं बघा."

धाकूनं गावासमोर आळ मागं घेतला. मग स्वतःच्या हातानं ढोली लिंपली, कुऱ्हाड ओढ्यात टाकली आणि सगळ्यांना राईबाहेर नेलं. दुपार कलल्यावर नराच्या पंखांचा मोठा आवाज राईत शिरताना ऐकू आला, तेव्हा कुठं तो खाली बसला.

नथ मात्र मिळालीच नाही. कुणी म्हणतं उंदरानं नेली, कुणी अजून भागीचं नाव हळूच घेतं.

आजही शिमगा सरला की पावसापर्यंत राईत कुणी पाऊल टाकत नाही. देवीला नवी नथ घडवलेली नाही, आणि जुनी कुणी नेली हे धामणसड्यात मोठ्यानं विचारायची मनाई आहे.