घोडीचा पान्हा

भीमेच्या खोऱ्यात घोडे तयार करणारा एक वृद्ध चाबूकस्वार राहत असे. त्याच्याकडे एकदा एक तरुण आला आणि म्हणाला, “आबा, मला शिष्य करून घ्या. शिंगरू वाढवण्याचा मला चांगला अनुभव आहे.”

“कुठल्या पागेत होतास?”

तरुणाने मोबाइल पुढे केला. त्याचा सारा अनुभव एका ऑनलाइन खेळातला होता. या खेळात प्रत्येकाला एक शिंगरू मिळते. त्याला खाऊ घालायचे, खरारा करायचा, दौडवायचे आणि शर्यतीत उतरवायचे. शिंगरू खिंकाळले की भुकेची खूण उमटते. चारा दिला की माया वाढल्याचा हिरवा पट्टा पुढे सरकतो. तरुणाच्या शिंगराचे नाव होते झंझावात. हा काही पहिला झंझावात नव्हे. आधीची काही शिंगरे घाईने पळवल्यामुळे लंगडी झाली, काही बुजरी निघाली. बिघडलेले शिंगरू तो पुसून टाकी, नवे घेई आणि त्यालाही तेच नाव ठेवी. यात कुणाचे काही नुकसान होत नव्हते, हेही मान्य केले पाहिजे.

वृद्ध हसला नाही. त्याने तरुणाला ठेवून घेतले.

पागेत एका घोडीला शिंगरू झाले होते आणि ते अजून अंगावर पीत होते. तरुणाने पहिल्याच दिवशी त्याला झंझावात म्हणायला सुरुवात केली. वृद्ध त्याला नुसते शिंगरूच म्हणे. तरुणाचा त्या शिंगरावर खरोखर जीव जडला आणि शिंगरूही त्याला पाहताच धावत येई. त्याच्या प्रेमात खोट नव्हती, म्हणून तर पुढचे सांगताना वाईट वाटते.

एके दिवशी वृद्धाला परगावी जावे लागले. निघताना तो म्हणाला, “चंदी भिजवलेलीच घाल, तीही मूठभर. बाकी त्याला आईपाशी असू दे.”

चंदी म्हणजे घोड्याचा दाणा. त्या पागेत हरभऱ्याची असे. त्या दिवशी तरुण हरभरे भिजत घालायला विसरला. दुपारी शिंगरू खिंकाळले. खिंकाळले म्हणजे भूक लागली, हे त्याच्या मनात पक्के बसलेले. त्याने कोरड्या हरभऱ्याचे पोते उघडले आणि ओंजळ पुढे केली. शिंगराने ओंजळ चाटूनपुसून खाल्ली आणि पुन्हा खिंकाळले. त्याने पुन्हा ओंजळ भरली. असे किती वेळा झाले, हे त्याला नंतर आठवेना. मग शिंगरू पोटभर पाणी प्यायले.

पोटात हरभरे फुगू लागले. शिंगरू आपल्याच कुशीकडे वळून पाहू लागले, पोटावर लाथा झाडू लागले, आडवे पडून लोळू लागले. तरुणाने डॉक्टर आणला. डॉक्टरने होते नव्हते ते सगळे केले. सूर्य मावळण्याआधी वृद्ध परतला, तेव्हा शिंगरू पाय ताणून निपचित पडले होते आणि घोडी त्याला नाकाने ढोसत होती.

तरुण हमसून हमसून रडला. मग डोळे पुसून म्हणाला, “आबा, माझी चूक मला कळली. आता जन्मात कोरडी चंदी घालणार नाही. त्या पलीकडच्या गाभण घोडीला होईल ते शिंगरू मला द्या. बघा कसं वाढवतो ते.”



दुसऱ्या दिवशी सकाळी वृद्धाने तरुणाच्या हातात एक भांडे दिले आणि त्याला घोडीपाशी नेले. “हिची कास तटतटलीय. थोडं दूध काढ आणि मातीत ओत. सगळं पिळू नकोस, पिळलंस तर पुन्हा भरून येईल. ठणका उतरेल एवढंच काढ.”

त्यानंतर रोज हेच काम. दुसरा धडा नाही, लगामाला हात लावायचा नाही. कासेला ऊब लागताच घोडीला पान्हा फुटे. ती मान वळवून हुंगे. तिथे माणसाचा हात असे. मग ती दाराकडे पाहून खिंकाळे आणि तरुणाला वाटे की कान झाकून घ्यावेत. पण हात मोकळे नसत.

शेवटी तो म्हणाला, “आबा, मी घोडे तयार करायचं शिकायला आलो होतो. ही शिक्षा अजून किती दिवस?”

“शिक्षा द्यायची असती तर तुला हाकलून दिलं असतं,” वृद्ध म्हणाला. “तुझ्या खेळात शिंगराला आई होती का रे?”

“नाही.”

“म्हणून ते पुसता येत होतं. इथं एक गेलं की त्याच्या वाटचं दूध कुणाच्या तरी अंगात भरून येतं आणि ठणकतं. तू दुसरं मागितलंस. हिच्यापुढं दुसरं उभं करून बघ, हुंगून लाथ मारेल. तिला तेच हवंय. चूक कशी टाळायची, ते तुला त्याच संध्याकाळी कळलं. ती कोण भोगतं, ते हिच्याजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही. ते कळल्याखेरीज मी कुणाच्या हातात शिंगरू देत नाही.”

तरुण रोज दूध काढत राहिला. कास हळूहळू आटत गेली. एका सकाळी तो भांडे घेऊन आला, तेव्हा घोडी चारा खात होती. तिने दाराकडे पाहिले नाही, ती खिंकाळलीही नाही. वृद्धाने कासेवरून हात फिरवला.

“आटली. उद्यापासून भांडं नको. त्या पलीकडच्या घोडीचं शिंगरू येईल, ते तू सांभाळ.”

मागितलेले मिळाले, तरी तरुणाला आनंद झाला नाही. घोडीचे दुखणे संपावे म्हणून तर तो रोज राबला होता आणि ते संपलेही होते. पण आता त्या मेलेल्या शिंगराची वाट पाहणारे पागेत कुणी उरले नव्हते. त्याने घोडीच्या मानेवर कपाळ टेकले.

“विसरलीस?” त्याने हळूच विचारले.

ती चारा चघळत राहिली. तिला विसरण्याचा अधिकार होता, आपल्याला नाही, हे तरुणाला उमगले.