कोठारातला रिकामा बोळ

एका राज्यात लोक रिकाम्या जागेला भीत असत. वाघाला नाही, भुताला नाही, रिकाम्या कोपऱ्याला. कोपरा मोकळा राहिला की तिथे अवदसा येऊन बसते, असा तिथला समज. म्हणून राजाच्या कोठारात कोपरा दिसला की त्यात काहीतरी कोंबायचे. फुटका रांजण, मोडकी पालखी, दांडा नसलेली कुदळ. कोठार गच्च दिसले पाहिजे, एवढाच नियम.

कोठाराचा कारभारी हैबती. ताठ माणूस. दारात उभा राहून आल्यागेल्याला अभिमानाने सांगे, "जागा नाही."

एकदा भर पावसात एक मांत्रिक आला. हातात लहानशी टोपली.

"पाऊस थांबेपर्यंत एवढी आत ठेवू दे."

"जागा नाही."

"टोपलीपुरतीही नाही?"

"नाही म्हटले ना."

मांत्रिकाने कोठाराच्या भिंतीला हात लावला. "तू म्हणतोस तर नाही. यापुढे या कोठारात कोणालाच जागा सापडणार नाही." आणि तो पावसात चालता झाला.

पेरणीचे दिवस आले. साऱ्या राज्याचे बियाणे कोठारात होते. हैबतीची बायको ठकूबाई सकाळी बियाण्याचे पोते आणायला आत गेली. दुपार झाली तरी बाहेर आली नाही.

हैबतीने आत डोकावले. पोत्यांच्या थप्प्या चालत होत्या. डावीकडची उजवीकडे गेली, उजवीकडची दारात आली.

"अगं, कुठे आहेस?"

"बियाण्यापाशी. तुम्ही कुठे आहात?"

"दारात."

"दार कुठे आहे?"

हैबती आत शिरला. सरळ चालला आणि त्याच दारातून बाहेर आला. पुन्हा शिरला, डावीकडे वळला, तरी बाहेरच आला. आपण आत जातो की बाहेर येतो, हेच त्याला कळेना.

तुळईवर एक धनेश पक्षी बसला होता. मोठी चोच, शांत डोळे. तो म्हणाला, "मांत्रिकाने मला इथे ठेवले आहे. तीन कामे कर. सूर्य मावळेपर्यंत झाली नाहीत, तर तुझी बायको कोठारातली एक वस्तू होईल."

"काम सांग."

"ज्याचा कोणाला उपयोग नाही, ते बाहेर काढ."

हैबतीने दाराजवळची पालखी ओढली. तेवढ्यात राजा मेघकेतू धावत आला.

"हैबती, ही आमच्या पणजोबांची पालखी!"

"महाराज, हिला तळ नाही."

"पणजोबा बसत, तेव्हा होता."

आतून ठकूबाई ओरडली, "महाराज, पणजोबा आत नाहीत! मी आहे!"

राजा गोंधळला. त्याने पालखीचे दुसरे टोक धरले. पालखी निघाली, रांजण निघाले, कुदळी निघाल्या. पटांगण भरून गेले. कोठार मात्र होते तेवढेच भरलेले. जेवढे बाहेर काढावे, तेवढी पोती आत पसरत.

"हे काय?" हैबतीने विचारले.

"हे दुसरे काम," धनेश म्हणाला. "लोळणाऱ्यांना उभे कर. थप्प्या तुळईपर्यंत चढव. जुने पुढे, नवे मागे." त्याने पंख झाडले आणि पोत्यांना वाचा फुटली.

"मी आधी आलो!"

"खोटे! तू आलास तेव्हा मला उंदीर लागून गेले होते."

"याचे ऐकू नका, हा हरभरा आहे, हा नेहमीच पुढे घुसतो."

हैबती कडाडला, "गप्प! जो जुना असेल त्याने हात वर करावा."

पोत्यांना हात नव्हते. ती गप्प झाली.

मग हैबतीने एकेक पोते हुंगले. ज्याला जास्त कुबट वास, ते जुने. "तू पुढे. तू मागे. तू वर." म्हणेल तसे पोते चढे. थप्प्या दोन्ही भिंतींना लागून उंच गेल्या आणि मधोमध, दारापासून पार मागच्या भिंतीपर्यंत, एक सरळ बोळ उघडला. त्याच्या टोकाला ठकूबाई उभी होती. डोक्यावर पोते, कपाळावर आठी.

"तिसरे काम," धनेश म्हणाला. "ती बाहेर येईपर्यंत हा बोळ रिकामा ठेव."

"एवढेच?"

"एवढेच."

राजाने बोळ पाहिला आणि तो पांढराफटक पडला. त्याने पटांगणातून एक घडा उचलून आणला. "अरे, एवढी जागा रिकामी! अवदसा येईल. हा घडा तरी ठेव. घटकाभरच."

"नाही, महाराज."

"जागा दिसते आहे."

"जागा आहे. म्हणूनच नाही."

राजाने घड्याकडे पाहिले, बोळाकडे पाहिले. "आहे, म्हणून नाही?"

"होय, महाराज."

राजा घडा कवटाळून खाली बसला.

ठकूबाई निघाली. अर्ध्यावर आली आणि तिचा पाय अडखळला. हैबतीला राहवले नाही. तो बोळात धावला. त्याबरोबर थप्प्या दोन्हीकडून कलल्या, बोळ आवळला आणि ठकूबाई पुन्हा मागच्या भिंतीशी जाऊन पडली.

"मी काही ठेवले नाही!" हैबती ओरडला.

"तू आहेस," धनेश म्हणाला.

सूर्य डोंगराला टेकला होता.

"अहो, मागे व्हा!" ठकूबाई ओरडली. "धरायला येऊ नका. तुम्ही आलात की वाट जाते!"

हैबती मागे सरला. उंबऱ्यावर आला. तिथे उभे राहण्यात त्याचा जन्म गेला होता. पण उंबराही वाटेतच होता. तोही त्याने सोडला. तो बाहेर भिंतीला पाठ लावून उभा राहिला. तिथून त्याला बोळ दिसेना, बायको दिसेना. नुसती पावले ऐकू येत. मध्येच तीही थांबली. डोंगरावर उन्हाची एकच रेघ उरली. हैबती जागचा हलला नाही.

मग कानाशी आवाज आला. "धरा. जड आहे."

त्याने पोते धरले. ठकूबाईने पदराने तोंड पुसले. सूर्य गेला. थप्प्या पोत्यांसारख्या मुकाट झाल्या आणि धनेश तुळईवरून उडाला.

दुसऱ्या दिवशी लोक बियाणे न्यायला आले. एकामागोमाग एक आत गेले, पोते घेऊन बाहेर आले. कोणी हरवले नाही. पेरण्या वेळेवर झाल्या. एकही पोते न काढता एवढी जागा कुठून आली, हे राजाला कळले नाही. तो बोळात जाऊन उभा राही, वर पाही आणि मान हलवत परत येई.

हैबतीलाही ते नीट सांगता येत नसे. पण कोणी दाराकडे येताना दिसले, की तो उंबऱ्यावरून उतरे आणि बाजूला होई.